एका घरातले दोन अर्ज

माझी मुलगी कॅनडात बाळंत होणार होती आणि तिच्या आईला आणि मला तिथं जायचं होतं. कारण इतकं सरळ होतं की त्यात खोटं बोलायला जागाच नव्हती. तरी मी ती शोधून काढली.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ मुख्याध्यापक म्हणून. निवृत्तीनंतर मानवतला घर बांधून राहिलो. मूळ गाव वालूर. तिथली शेती धाकटा भाऊ बघतो. माझ्या शाळेचं दप्तर तपासायला येणारा अधिकारी नुसती पानं उलटायचा आणि चहा मागवायचा. रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही, हजेरीवर शाईचा डाग नाही. ही फुशारकी नाही. पुढं जे झालं ते कुठल्या माणसानं केलं, हे आधी सांगितलेलं बरं.

या गोष्टीच्या सात वर्षं आधी मुलगी इंग्लंडात शिकत होती. तिच्या पदवीदानाला जायचं म्हणून आम्ही दोघांनी व्हिसा मागितला आणि दोघांनाही तो नाकारला गेला. भेट संपल्यावर आम्ही मायदेशी परतू अशी त्या अधिकाऱ्याला खात्री वाटत नव्हती. तसं त्यानं लेखी कळवलं. परत न येऊन मी इंग्लंडात काय करणार होतो, तेही त्यानं लिहिलं असतं तर मला विचार करता आला असता. मला जवसाच्या चटणीशिवाय जेवण जात नाही. आणि माझी बायको सेलूला माहेरी गेली तरी नळाचं पाणी कोण भरत असेल या काळजीनं तिसऱ्या दिवशी परत येते.

पण खरं दुखणं वेगळं होतं. मी आयुष्यात कशातच नापास झालो नव्हतो. ते पत्र मी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या पासबुकांच्या खाली ठेवलं आणि शेजारपाजारी सांगितलं की शाळेला सुट्टी नव्हती म्हणून जाणं झालं नाही.

पुढं मुलीचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली. तिला दिवस गेल्याचं कळलं तसे आम्ही परभणीला एका व्हिसा सल्लागाराकडं गेलो. स्टेशन रोडवर चपलांच्या दुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस होतं. भिंतीवर विमानाचं मोठं चित्र आणि त्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या. तो माझा जुना विद्यार्थी निघाला. आता चाळिशीचा होता, केस काळे केलेले. खाली वाकून पाया पडला, स्वतः उठून पंख्याचं तोंड आमच्याकडं केलं आणि म्हणाला, "सर, तुमी फक्त सह्या करा. बाकीचं माझ्यावर सोडा."

मी सोडलंही असतं. पण माझ्या बायकोला न ऐकता सही करायची सवय नाही. ती सातवी शिकलेली आहे आणि सातवीचं शिक्षण तिनं पूर्ण वापरलं आहे. ती म्हणाली, "वाचून दाखव बाबा एकेक. मराठीत."

तो वाचत गेला. नाव, जन्मतारीख, लग्न कधी झालं, आजार काही आहे का, पोलीस केस आहे का. पोलीस केसवर बायको हसली. मग तो म्हणाला, "यापूर्वी कोणत्याही देशानं व्हिसा नाकारला आहे का? नाही." आणि तसंच पुढं जायला लागला.

"थांब," बायको म्हणाली. "आमाला इंग्लंडनं न्हाई म्हनलं होतं की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी विमानाच्या चित्राकडं बघितलं.

"काकू, ते लय जुनं झालं."

"जुनं झालं तरी झालंच की."

"आवो, हो लिवलं की पुन्ना नाकारत्यात. एकदा नाकारलेल्या मानसाकडं संशयानंच बघत्यात. आनी तो देश येगळा, ह्यो देश येगळा. एकमेकाला कोन सांगायलंय?" मग माझ्याकडं वळून, "सर, तुमी बोला."

मी काय बोललो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, "याला यातलं कळतं. त्याचं रोजचं काम आहे."

बायको म्हणाली, "तुमचं तुमी काय लिवायचं ते लिवा. माझ्यात हो लिवा."

मला वाटलं, ती आता मला तत्त्वाचं काहीतरी ऐकवणार. पण तिचं कारण निराळंच होतं. ती म्हणाली, "मला उद्या कुनी समोरासमोर इचारलं तर माझ्या तोंडावर दिसतं. आनी काय सांगितलं होतं ते ध्यानात ठेवावं लागतंय. मला न्हाई जमत."

त्यानं तिच्या अर्जात हो लिहिलं आणि खाली दोन ओळींत इंग्लंडची हकिकत. माझ्या अर्जात नाही. मग दोन्ही अर्ज, एकच पत्ता, एकच लग्नाची तारीख आणि एकच मुलगी लिहून, त्यानं एका वेळी पाठवून दिले. यात काही गडबड आहे असं तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्या तिघांत एक माजी मुख्याध्यापक होता.

एसटीत मानवत रोड आल्यावर मी म्हणालो, "तू स्वतःच्या हातानं स्वतःचं नुकसान करून घेतलंस. आता मला एकट्याला जावं लागणार."

"जावा," ती म्हणाली. "बाळंतीनीला शेक कसा द्यायचा ते लिहून देते."

बोटांचे ठसे द्यायला हैदराबादला जावं लागलं. माझे पहिल्या झटक्यात उमटले. तिचे उमटेनात. भांडी घासून आणि मिरच्या कांडून बोटांच्या रेघा पुसट झालेल्या. तिथल्या मुलीनं तिची बोटं ओल्या कागदानं पुसली, पुन्हा दाबली, पुन्हा पुसली. मी बाजूला उभा राहून बायकोला धीर देत होतो. मनात म्हणत होतो की हिचं काही खरं नाही.

पाच आठवड्यांनी संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिकडं सकाळ होती. दोन्ही अर्जांचा पत्ता तिच्या ई-मेलचा होता, त्यामुळं उत्तरं आधी तिला कळली.

"आईचा पासपोर्ट मागितलाय. म्हणजे आईचं झालं," ती म्हणाली.

"आणि माझं?"

"बाबा, तुम्ही फॉर्ममध्ये इंग्लंडचं लिहिलं नाही?"

मी म्हणालो, "एजंटनं भरलाय फॉर्म."

"सही तुमची आहे."

हे वाक्य मी स्वतः कितीतरी शिक्षकांना ऐकवलेलं होतं. तिनं कॅनडाच्या अधिकाऱ्याचं माझ्या नावानं आलेलं पत्र मला मोबाईलवर पाठवलं. भाषा फार सभ्य होती. इतकी सभ्य की तो माणूस मला खोटारडा म्हणतोय, हे मला दुसऱ्यांदा वाचल्यावर कळलं. त्याच्या कार्यालयाला मिळालेल्या माहितीनुसार मला पूर्वी व्हिसा नाकारण्यात आला होता, आणि सोबतच्या अर्जात माझ्या पत्नीनंही तसं नमूद केलं होतं. यावर मला काही म्हणायचं असल्यास ठरावीक दिवसांत म्हणावं.

मी बायकोला मराठी करून सांगितलं. 'पत्नीनंही तसं नमूद केलं' या वाक्याला माझा आवाज जरा चढला असावा.

"मी तर माझ्या अर्जात लिवलं होतं," ती म्हणाली. "तुमचा अर्ज मी कशाला वाचू?"

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतं बोललो. तिनंही माझ्याशी कामापुरतंच बोलून घेतलं, पण तिची कामं जास्त असल्यामुळं माझा राग कोणाच्या लक्षात आला नाही.

परभणीचा माझा विद्यार्थी मात्र घाबरला नव्हता. फोनवर म्हणाला, "सर, काळजी करू नका. इसरलो म्हनून लिहू. वय झालंय, ध्यानात राहत न्हाई. एखाद्या डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं की काम झालं."

ही गोष्ट सांगताना मी हा भाग गाळून टाकला असता, तर ऐकणाऱ्याला माझ्याबद्दल बरं मत झालं असतं. पण मी गेलो. मानवतमध्येच एका डॉक्टरकडं, ओळखीच्याच. बायको बाहेर बाकावर बसली. मी डॉक्टरांना सांगितलं की मला हल्ली विसरायला होतं, तसा दाखला पाहिजे.

डॉक्टर सज्जन होते. दाखला द्यायच्या आधी तपासायला हवं म्हणाले. त्यांनी पाच शब्द सांगितले आणि ते लक्षात ठेवायला सांगितले. मग म्हणाले, "शंभरातून सात वजा करत या."

मी त्र्याण्णव म्हणालो. शहाऐंशी म्हणालो. एकोणऐंशी, बहात्तर. इथं कुठंतरी चुकायला हवं होतं आणि ते मला माहीत होतं. पण चुकीचं उत्तर माझ्या तोंडातून बाहेर पडेना. एकतीस वर्षं मी मुलांना वजाबाकी शिकवली होती. पासष्टला डॉक्टर "बास" म्हणाले, तरी मी थांबलो नाही. दोनपर्यंत जाऊनच थांबलो. मग त्यांनी ते पाच शब्द विचारले. मी सांगितले. त्यांनी मान हलवली म्हणून उलट्या क्रमानंही सांगितले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सर, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. तुम्हाला दाखला कशाचा पाहिजे म्हणालात?"

बाहेर आलो तर बायकोनं विचारलं, "झालात का पास?"

"झालो."

"मग आता?"

घरी येऊन टेबलाशी बसलो आणि फुलस्केप कागद काढला.

खुलासा कसा लिहायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. उशिरा येणाऱ्या शिक्षकांकडून मी शेकडो खुलासे घेतले होते. त्यात नेहमी एसटी बंद पडलेली असायची. मी प्रत्येकाला सांगायचो, कारण नको, काय झालं तेवढं लिहा. आता मी वर 'विषय' लिहिला, त्याखाली 'संदर्भ' लिहिला, आणि 'खुलासा सादर करण्यात येतो की' इथंच अर्धा तास थांबलो. पहिल्या कागदावर एजंट आला, तो फाडला. दुसऱ्यावर माझं वय आलं, तोही फाडला. तिसऱ्यावर चारच वाक्यं राहिली. मला प्रश्न समजला होता. मला खरं उत्तर माहीत होतं. पुन्हा नकार येईल या भीतीनं मी ते दिलं नाही. माझ्या पत्नीनं दिलेली माहिती बरोबर आहे.

त्याचं इंग्रजी मीच केलं. जावयानं टाईप करून पाठवलं. पाठवण्याआधी त्यानं अडखळत विचारलं, "एवढंच लिहायचं? थोडं पुढंमागं काही जोडू का?" मी नको म्हणालो.

परभणीच्या विद्यार्थ्याला हे कळवलं तेव्हा तो म्हणाला, "सर, माझं नाव न्हाई ना लिवलं?"

"नाही."

"तुमी देवमानूस हाव," तो म्हणाला. देवमाणसाला पुढच्या महिन्यात उत्तर आलं. व्हिसा नाकारला आणि पाच वर्षं त्या देशात यायला बंदी. मुलगी पत्र वाचून दाखवत होती. मध्येच जावयानं मागून विचारलं, "खरं सांगितल्याबद्दल काही लिहिलंय का?" ती म्हणाली, "नाही, त्याबद्दल काही नाही."

आता बायकोला एकटीनं जायचं होतं. ती म्हणाली, मी न्हाई जात. जी बाई परभणीच्या पलीकडं कधी एकटी गेली नव्हती ती तीन विमानं बदलून जाणार कशी, हे मलाही समजत नव्हतं. दोन दिवस ती नाहीच म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी मुलीनं फोनवर पाय सुजल्याचं सांगितलं. बायकोनं फोन ठेवला आणि डिंक तळायला घेतला.

मी तिला उपयोगी पडतील अशी वाक्यं वहीत देवनागरीत लिहून दिली. डॉटर डिलिव्हरी. सिक्स मंथ्स. रिटर्न तिकीट. हजबंड ॲट होम. ती ती वही घेऊन स्वयंपाकघरात पाठ करायची. भाकरी थापताना 'रिटर्न तिकीट, रिटर्न तिकीट' असं चालायचं. एक दिवस तिनं विचारलं, "खोटं लिवलं याला इंग्रजीत काय म्हनत्यात?"

"ते कशाला पाहिजे?"

"असू द्या. इचारलं तर?"

मी सांगितलं. तिनं वहीत सगळ्यात खाली लिहून घेतलं.

हैदराबादला मी तिला सोडायला गेलो. विमानतळाच्या दारापाशी तिनं बॅगा गाडीवर लावल्या, पदर खोचला आणि आत गेली. काचेतून ती रांगेत दिसत होती. पुढच्या माणसाला काहीतरी विचारत होती. मग दिसेनाशी झाली. मी आणखी तासभर तिथं उभा होतो. ती परत आली तर कोणीतरी असावं म्हणून. ती आली नाही.

पोचल्यावर तिनं फोनवर सगळं सांगितलं. तिकडच्या अधिकाऱ्यानं तिचे कागद बघितले आणि विचारलं, नवरा का आला नाही? तिनं वहीतलं शेवटचं वाक्य सांगितलं. "मी म्हनलं, हजबंड फॉल्स राईट. यू से नो." तो माणूस म्हणे हसला, शेजारच्या बाईला त्यानं काहीतरी सांगितलं, तीही हसली आणि शिक्का मारला.

"लय चांगली मानसं हायत," बायको म्हणाली.

मानवतमध्ये मात्र मला कोणी वही लिहून दिली नव्हती. तुम्ही का गेला नाहीत, असं पहिल्याच दिवशी शेजाऱ्यानं विचारलं आणि मी म्हणालो, "डॉक्टरांनी विमानात बसू नका म्हणून सांगितलंय." मी डॉक्टरकडं गेलेलो लोकांनी बघितलंच होतं. त्यामुळं हे सगळ्यांना लगेच पटलं.

आठ दिवसांत मला हृदयविकार झाला. मी तसं कधीच म्हणालो नव्हतो; लोकांनी आपसांत ठरवलं. सकाळी फिरायला जाणारी आमची मंडळी माझ्यासाठी हळू चालायला लागली. नळाला पाणी आलं की शेजारची बाई माझ्या हातातली बादली काढून घ्यायची. सोनपेठहून माझी चुलत बहीण एसटीनं अर्जुनाच्या सालीचा काढा घेऊन आली, माझ्यासमोर बसून तो मला प्यायला लावला आणि तिच्या सासऱ्याचं अगदी असंच झालं होतं हे सविस्तर सांगितलं. तो काढा मी एकवीस दिवस घेतला. न घेऊन सांगणार काय?

त्यातच एक दिवस वालूरहून धाकटा भाऊ जीप घेऊन आला. घरात आलाच नाही, अंगणातूनच म्हणाला, "दादा, कपडे घाला. नांदेडला काळजाचा मोठा डॉक्टर हाय. नंबर लावलाय."

मी म्हणालो, "अरे, तसं काही नाही."

"तुमी सांगतच न्हाईत कधी. वहिनी तिकडं. तुमाला काय झालं तर आमी तोंड कुटं दाखवायचं?" त्याचे डोळे भरून आले होते. तो सोयाबीनची काढणी अर्धी टाकून आला होता. बनियनवर भुसा तसाच होता.

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. इंग्लंडचं पत्र, परभणीचं ऑफिस, दोन अर्ज, शंभरातून सात, पाच वर्षं. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "म्हंजी काळीज बरं हाय?"

"बरं आहे."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग बसा जीपमदी. मानसं कमी हायत, काढनी चालू हाय."

मी त्याच दिवशी वालूरला गेलो आणि चार दिवस राहिलो. मला काम फारसं जमत नव्हतं. पण पोती मोजायला आणि मजुरांना पाणी न्यायला माणूस लागतोच. तिसऱ्या दिवशी दुपारी बांधावर जेवत असताना जावयाचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघीही बऱ्या होत्या. फोनच्या पडद्यावर लाल, सुरकुतलेलं तोंड दिसलं आणि मागं माझ्या बायकोचा आवाज, "पंखा बंद करा आधी." तिकडं पंखा नव्हता, सवयीनं म्हणाली.

ही गोष्ट कोणालाही सांगू नको असं मी भावाला बजावलं नव्हतं. त्यामुळं मानवतला परत येईपर्यंत ती सगळीकडं पोचली होती. बादली आता माझी मलाच उचलावी लागली. फिरायला जाणारी मंडळी पूर्वीच्या वेगानं चालायला लागली. जुना एक विद्यार्थी, ज्याला मी सहावीत कॉपी करताना धरून प्रार्थनेच्या वेळी उभं केलं होतं, तो मोंढ्याच्या बाजारात भेटला. मोटारसायकल थांबवून म्हणाला, "सर, तुमीबी?" त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, आनंद होता. मला चहा पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही.

चुलत बहिणीला तेवढा राग आला. काढ्याची साल तिनं लांबून आणली होती.

बायको सहा महिन्यांनी ठरल्या दिवशी परत आली. ती जास्त गोरी आणि थोडी जाड दिसत होती. कॅनडाबद्दल तिनं सांगितलं, "लय थंडी. आनी कुनी कुनाला काय इचारत न्हाई." तिच्या मोबाईलमध्ये नातीचे इतके फोटो होते की मी रोज वीसवीस बघायचे ठरवले. काही दिवसांनी मी तिला विचारलं, "तू तुझ्या अर्जात नाही लिहिलं असतंस, तर काय झालं असतं गं?"

ती लसूण सोलत होती. म्हणाली, "एक तर दोघं गेलो असतो. न्हाईतर दोघं हितं बसलो असतो. मला काय ठावं?"

"म्हणजे तुझ्यामुळं मी सापडलो असं नाही म्हणत तू."

"माझ्यामुळंच सापडला. मी कुटं न्हाई म्हनलं?" तिनं पाकळ्या वाटीत टाकल्या. "पर खोटं मी न्हाई लिवलं."

लसूण सोलायला मीही बसलो.

या गोष्टीला तीन वर्षं होऊन गेली. गेल्या हिवाळ्यात मुलगी नातीला घेऊन पहिल्यांदा आली. नातीला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं कोण जाणे, तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आपल्या मोडक्या मराठीत विचारलं, "आबा, तू टाईम आऊटमध्ये आहे?" मुलीनं मला अर्थ सांगितला. चूक केली की तिकडं मुलांना कोपऱ्यात बसवतात, त्याला ते म्हणतात. मी हो म्हणालो. अजून किती वेळ, तिनं विचारलं. मी दोन बोटं दाखवली. तिला दोन मिनिटं वाटली असावीत, कारण ती लगेच कोंबडीच्या मागं गेली.

आम्ही सगळे वालूरला शेतात हुरडा खायला गेलो. भाऊ आगटीत कणसं भाजत होता, त्याची बायको ती चोळून ताटात टाकत होती. नात गरम दाणे या हातातून त्या हातात करत होती. मी आणि मुलगी जरा बाजूला बसलो होतो. तेव्हा ती म्हणाली, "बाबा, एक सांगू? ते बंदीचं पत्र आलं तेव्हा मला तुमचा राग नव्हता आला."

"मग?"

"भीती वाटली होती. आमचा तिथं कायम राहायचा अर्ज त्याच वेळी चालू होता. तुमच्या फॉर्मवर आमची नावं, आमचा पत्ता. मला वाटलं, आता आमच्याकडंही तसंच बघतील. आठवा महिना होता. वकील म्हणाला, तसं काही होत नाही. तरी अर्ज मंजूर होईपर्यंत मी रोज पहाटे उठून ई-मेल बघायचे."

हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी हिशेब केला होता तो माझ्या बंदीचा, नातीच्या बारशाला नसण्याचा, लोकांत झालेल्या हशाचा. पाय सुजलेली पोर तिकडं एकटी काय विचार करत बसली असेल, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. तिच्या आईला माहीत होतं का, मी विचारलं.

"आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबांना नको सांगू, त्यांचं काळीज नाजूक आहे."

मी तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती, मग हसली.

एकतीस वर्षांत मी कुठल्याच मुलाची माफी मागितली नव्हती, घरच्याही नाही. ते कसं करतात हे मला नीट येत नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं, बाई. तुझ्या काळजीचा विचार मी करायला पाहिजे होता."

ती आगटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं," आणि काकूकडं तिळाची चटणी मागितली.